तडा, ओल आणि पाण्याची वाट

काँक्रीटला तडा जाणारच. चांगल्या इंजिनिअरने आखलेल्या, अनुभवी गवंड्याने ओतून घेतलेल्या आणि रोज पाणी मारलेल्या स्लॅबवरही कुठेतरी बारीक रेघ उमटते. ती दिसली की घरमालक अस्वस्थ होतो, दुकानातून वॉटरप्रूफिंगचा डबा आणतो आणि रेघेवर ब्रश फिरवतो. पुढच्या पावसात ओल दोन हात पलीकडे दिसू लागते आणि सगळा दोष डब्याला मिळतो. खरी चूक कामाच्या क्रमात झालेली असते. घरात पाणी येऊ द्यायचे नसेल तर आधी पाण्याला वाहून जायला वाट द्यावी लागते, मग तड्याचे कारण शोधावे लागते आणि सर्वांत शेवटी तडा भरावा लागतो. बहुतेक घरांत सुरुवातच तिसऱ्या कामापासून होते.

हा क्रम समजून घेण्यासाठी आपण बेंगळुरूच्या जयनगरात जाऊ. तिथे आणि आसपास निरनिराळ्या काळांतल्या बांधकामरीती शेजारी शेजारी उभ्या आहेत, पाऊस वर्षातून सहा-सात महिने येत-जात राहतो, आणि छपरावरचे पाणी कसे हाताळावे हे सामान्य माणसाला दाखवणारे एक सरकारी उद्यानही याच वस्तीत आहे.

जयनगर परिसरातली तीन छपरे

जयनगरचा पाया १९४८ साली घातला गेला. समारंभाला तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले होते आणि वस्तीला म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांचे नाव मिळाले. ब्लॉक, मेन आणि क्रॉस अशी सरळ आखणी, रुंद रस्ते आणि दुतर्फा झाडे ही तिची ओळख. जवळच लालबाग आहे. तिथला उघडा खडक सुमारे तीन अब्ज वर्षांपूर्वीचा असून तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपला आहे. या भागातल्या घरांना पायाची फारशी चिंता नसते, कारण लाल मुरमाड माती आणि खाली कठीण खडक. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतींना तिरके तडे पाडते. तो त्रास इथे क्वचित दिसतो. इथले दुखणे वरून, म्हणजे छपरातून येते.

शेजारच्या बसवनगुडीत, १८९८ च्या प्लेगच्या काळात वसवलेल्या वस्तीत, जुन्या घरांवर पहिले छप्पर, म्हणजे मद्रास टेरेस, दिसते. लाकडी वासे जवळजवळ टाकून त्यांवर चुन्यात विटा कडेवर बसवायच्या, वर वीटखडी आणि चुन्याचा थर घालून तो दिवसेंदिवस बडवायचा, बडवताना गूळ आणि हिरड्याचे पाणी शिंपडायचे आणि शेवटी चपट्या कौली फरश्या लावायच्या. असे छप्पर जड असते, पण लवचिक असते. बारीक तडा गेला तरी पाण्याबरोबर विरघळलेला चुना त्यात उतरतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि चुनखडी बनून फट मिटवतो.

दुसरे छप्पर जयनगरच्या पहिल्या काही दशकांतल्या घरांवर असते. जाड विटांच्या भिंती, त्यांवर सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब आणि स्लॅबवर उतार देणारा सुरखीचा (विटांच्या भुकटीचा) किंवा वीटखडीचा थर. त्या काळी देशात सिमेंट टंचाईचे होते. भाव आणि वाटप सरकारच्या हातात होते, ते १९८२ मध्ये काही अंशी आणि १९८९ मध्ये पूर्ण सैल झाले. परवान्यावर मिळालेल्या गोण्या पुरवून वापरलेली कितीतरी घरे या पिढीतली आहेत.

तिसरे छप्पर आजचे. कॉलम-बीमचा सांगाडा, मधल्या जागेत काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या पातळ भिंती, जुना बंगला पाडून उभे केलेले तीन-चार मजले, आणि गच्चीवर सौर बंब, टाक्या, डिश अँटेना व त्यांना आधार देणारे बोल्ट. छपरे तीन प्रकारची, म्हणून त्यांचे तडेही तीन प्रकारचे. एकच औषध तिन्हींवर चालवता येत नाही.

काँक्रीट का तडकते

सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला रासायनिक क्रियेसाठी साधारण १२ लिटर पाणी पुरते. माल कालवता आणि ओतता यावा म्हणून आपण २२ ते २५ लिटरपर्यंत जातो. माल सरसर पसरावा म्हणून बिगारी त्यात आणखी दोन बादल्या ओततो तेव्हा तडा त्याच क्षणी पेरला जातो. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि काँक्रीट आकसते. आयएस ४५६ या भारतीय मानकात या आकसण्याचा ढोबळ हिशेब दर मीटरला ०.३ मिलिमीटर असा धरला आहे. म्हणजे १२ मीटर लांबीचा स्लॅब साडेतीन मिलिमीटरहून अधिक आकसू पाहतो. भिंती आणि बीम त्याला धरून ठेवतात, ताण वाढतो आणि काँक्रीट तडकते, कारण ते दाब सोसते पण ओढ सोसत नाही.

दुसरे कारण ऊन. एका अंशाने तापमान वाढले की काँक्रीट दर मीटरला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे लांबते. मार्च-एप्रिलच्या दुपारी गच्चीचा पृष्ठभाग रात्रीपेक्षा ३० अंशांनी जास्त तापला, तर तोच १२ मीटरचा स्लॅब पुन्हा साडेतीन मिलिमीटर लांबतो आणि पहाटे मागे येतो. बेंगळुरूत मे महिन्यातल्या तापलेल्या दुपारी अचानक वळवाची सर कोसळते, तेव्हा हे आकसणे काही मिनिटांत घडते. स्लॅब रोज सरकतो आणि खालची भिंत जागच्या जागी असते. म्हणून वरच्या मजल्यावर छताच्या लगत, भिंतीच्या माथ्यावर आडवी रेघ पडते. ती शेकडो घरांत दिसते आणि बहुतेक वेळा घराला तिचा धोका नसतो. मात्र ताठ सिमेंटने भरली तर ती दरवर्षी नव्याने उघडते.

तिसरे कारण निष्काळजीपणा. ओतल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत वारा आणि उन्हाने पृष्ठभाग सुकला की जाळीसारखे तडे पडतात. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारावे असे मानक सांगते; कोरड्या, उष्ण हवेत हे दिवस वाढतात. बेंगळुरूची हवा सुखद असल्याने तिथे पाणी मारण्याकडे हमखास दुर्लक्ष होते. माणसाला गार वाटणारा वारा ओल्या काँक्रीटमधले पाणी तितक्याच वेगाने पळवतो.

तडा वाचायला शिका

तड्याची जागा, दिशा आणि रुंदी त्याचे कारण सांगतात. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा असतील तर तडा फक्त प्लास्टरचा आहे. कॉलम किंवा बीम जिथे ठोकळ्यांच्या भिंतीला मिळतो तिथली सरळ रेघ दोन वेगळ्या मालांच्या सांध्याची असते. प्लास्टरआधी सांध्यावर कोंबडीजाळी ठोकली असती तर ती पडली नसती. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तिरका तडा ताण एकवटल्याचे दाखवतो. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा तडा पाया एका बाजूला खचत असल्याची शक्यता दाखवतो. बीमच्या मधोमध खालून वर जाणारी रेघ वाकण्याची असते. आधाराजवळचा तिरका तडा, कॉलममधला कोणताही ठळक तडा आणि सळईच्या समांतर धावणारी, तांबूस डाग असलेली भेग या तीन खुणा दिसल्या की गवंड्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

सर्वसाधारण परिस्थितीत ०.३ मिलिमीटर रुंदीपर्यंतचा तडा मानक चालवून घेते. सतत ओल्या राहणाऱ्या किंवा मातीला लागून असलेल्या भागात ही मर्यादा ०.२ मिलिमीटर आहे. वहीची तीन पाने एकत्र धरली तर साधारण ०.३ मिलिमीटर होतात, म्हणून ती आत जातात का एवढे पाहिले तरी अंदाज येतो.

रुंदीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा, की तडा स्थिर आहे की चालता. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करा आणि तारीख लिहा. तड्यावर काचेची अरुंद पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून ठेवा. काच फुटली किंवा रेघ खुणेच्या पुढे गेली तर तडा जिवंत आहे. ऊन, पाऊस आणि थंडी असा पूर्ण फेरा पाहिलात तर उत्तम. स्थिर तड्याला ताठ माल चालतो, चालत्या तड्याला ताणला जाणारा मालच लागतो. दुरुस्तीतले अर्धे अपयश या एका फरकाकडे डोळेझाक केल्याने येते.

गळतीचा उगम शोधणे

छतावर ओलीचा डाग आहे म्हणून गळती नेमकी त्याच्या वरच असेल असे नाही. गच्चीतून आत शिरलेले पाणी कोब्याखाली, म्हणजे स्लॅबवरच्या उताराच्या थराखाली, वाहत जाते, स्लॅबमध्ये पुरलेल्या विजेच्या नळीत शिरते आणि दहा-बारा फुटांवर पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या पेटीतून ठिबकते. अशा वेळी आधी त्या खोलीची वीज बंद करायची.

डाग फेब्रुवारीतही ओला असेल तर पावसाला दोष देता येत नाही. टाकी, नळ किंवा न्हाणीघर तपासा. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी पाहा. जमिनीखालच्या टाकीला, म्हणजे बेंगळुरूत घरोघर असलेल्या संपला, हीच चाचणी लागू पडते. भिंतीचा डाग बाहेरून येतो की घरातल्या दमट हवेमुळे पडतो हे पाहायला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब तुकड्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे जमले तर पाणी भिंतीतून येते आहे.

गच्चीसाठी खात्रीची परीक्षा तळ्याची. पन्हाळीची तोंडे बंद करून, छोटे बांध घालून गच्चीचे भाग पाडा आणि एकेका भागात एक ते दोन इंच पाणी ४८ तास उभे ठेवा. कोणत्या भागाच्या वेळी डाग वाढतो यावरून उगम सापडतो. मात्र सळया उघड्या पडलेल्या कमकुवत स्लॅबवर हा प्रयोग करू नये, कारण एक इंच पाण्याचे वजनही दर चौरस मीटरला २५ किलो होते.

आधी उतार, मग रसायन

जयनगरच्या गच्च्या का गळतात याचे सर्वांत मोठे कारण रस्त्यावर उभे राहूनच दिसते: झाडे. गुलमोहोर, पर्जन्यवृक्ष आणि सोनमोहोर यांची पाने-फुले पहिल्या वळवाच्या सरीबरोबर पन्हाळीच्या तोंडाशी जमतात. पाण्याला वाट मिळत नाही, गच्चीवर तळे साचते आणि साचलेले पाणी मिळेल त्या फटीतून खाली उतरते. पन्हाळीवर घुमटाकार जाळी बसवणे आणि पावसाळ्यात दर आठवड्याला ती साफ करणे हा सगळ्यांत स्वस्त वॉटरप्रूफिंगचा उपाय आहे.

गच्चीला दर १०० सेंटिमीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा. ताशी १०० मिलिमीटर वेगाचा पाऊस गृहीत धरला तर चार इंची एक पाइप सुमारे ४० चौरस मीटर गच्चीचे पाणी नेऊ शकतो. दीड हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे जवळजवळ १४० चौरस मीटर. तिला किमान चार पाइप हवेत आणि प्रत्यक्षात अनेक घरांत दोनच असतात.

उतार देण्याची आपल्याकडची जुनी रीत म्हणजे वीटतुकड्यांचा कोबा. मुंबई-पुण्याचे गवंडी तो पिढ्यान्‌पिढ्या घालत आले आहेत. स्लॅब स्वच्छ करून सिमेंटची स्लरी मारायची, पाण्यात भिजवलेले विटांचे तुकडे मालात उतारानुसार बसवायचे, सांधे भरायचे आणि वरचा थर घोटून गुळगुळीत करायचा. कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात काटकोन ठेवायचा नाही, गोलाई द्यायची. गवंडी तिला वाटा म्हणतात. हा थर कठड्यावर फूटभर चढवायचा आणि मग आठवडा-दोन आठवडे पाणी बांधून ठेवायचे.

कोब्याचा एक धोका मात्र लक्षात ठेवा. सरासरी चार इंच जाडीचा कोबा दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार टाकतो. जुना कोबा गळू लागला की त्याच्यावरच दुसरा घालणारे कंत्राटदार भेटतात. वापरातल्या गच्चीसाठी आरेखनात धरलेला चल भार सहसा दर चौरस मीटरला १५० किलो असतो, म्हणजे एका जादा कोब्यानेच ती मर्यादा ओलांडली जाते. जुना थर काढल्याशिवाय नवा घालू देऊ नका.

उतार बरोबर असेल तेव्हाच वरच्या लेपाला अर्थ येतो. ॲक्रिलिक लेप स्वस्त आणि सोपा, उन्हात टिकतो, पण पाणी साचले तर मऊ पडून सुटतो. पॉलियुरेथेनचा लेप अधिक ताणला जातो, महाग असतो आणि पृष्ठभाग पूर्ण कोरडा मागतो. डांबरी मेम्ब्रेन मजबूत, पण सांधे नीट तापवून चिकटवले नाहीत तर पाणी तिच्याखाली शिरून कुठून आले ते कळेनासे करते. कोणताही लेप देताना कोपऱ्यांत आणि तड्यांवर तंतुजाळी दाबून बसवावी लागते. पांढऱ्या लेपाचा दुहेरी फायदा होतो: ऊन परतवले जाते, स्लॅब कमी तापतो आणि त्याची रोजची हालचाल घटते.

जयनगरच्या घरांना आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. सौर बंबाचे पाय गच्चीत भोक पाडून बोल्टने आवळू नका, ते उंच काँक्रीटच्या ओट्यांवर बसवा. आणि वरचा मजला कधीतरी बांधू म्हणून कॉलममधून सोडून ठेवलेल्या सळया उघड्या ठेवू नका. त्या गंजतात आणि गंज सळईच्या कडेने खाली कॉलममध्ये उतरतो. त्यांना गंजरोधक लेप देऊन कमजोर काँक्रीटच्या ठोकळ्यात झाकून टाका, मजला चढवायची वेळ आली की ठोकळा फोडता येतो.

तडा भरण्याच्या रीती

स्थिर आणि बारीक तड्याला इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच पाडून, धूळ काढून, पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरता येते. नुसता वरून लेप दिला तर तो काही महिन्यांत कागदासारखा निघतो. स्लॅब किंवा बीममधला स्थिर तडा पुन्हा सांधून ताकद परत आणायची असेल तर एपॉक्सी पिचकारावे लागते. तड्यावर वीत-दीड वीत अंतराने नळ्या बसवतात, मधली रेघ बंद करतात आणि सर्वांत खालच्या नळीतून कमी दाबाने एपॉक्सी सोडतात. वरच्या नळीतून ते बाहेर आले की खालची बंद करून पुढे सरकतात. हे काम घाईत होत नाही आणि ओल्या तड्यात साधे एपॉक्सी धरत नाही. पाणी वाहते असेल तर पाण्याशी संयोग होऊन फुगणारे पॉलियुरेथेन वापरतात.

चालत्या तड्यात खाच रुंद करून, तळाशी फोमची दोरी दाबून वर पॉलियुरेथेन सीलंट भरतात. दोरीमुळे सीलंट फक्त दोन कडांना चिकटते आणि मोकळेपणी ताणले जाते. तळालाही चिकटले तर पहिल्याच उन्हाळ्यात फाटते.

सळई गंजली असेल तर काम मोठे होते. ताज्या काँक्रीटचा पीएच १२ ते १३ असतो आणि त्या अल्कधर्मी वेढ्यात सळईवर संरक्षक पापुद्रा टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत गेला की पीएच उतरतो, पापुद्रा जातो आणि ओल मिळताच गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो आणि काँक्रीटचा पोपडा खाली ढकलतो. हातोडीने ठोकल्यावर बद्द, पोकळ आवाज आला तर समजावे की आत थर सुटला आहे.

अशा छताला आधी टेकू द्यायचे. सुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत, बोटभर जागा होईल इतके काढायचे. सळई चकचकीत होईपर्यंत घासायची आणि जस्तयुक्त प्रायमर लावायचा. ती बरीच झिजली असेल तर इंजिनिअरच्या सल्ल्याने जोडसळई घालायची. मग बाँड कोट आणि पॉलिमर मालाचे पातळ थर, एकावर एक. यातली एक पायरी गाळून छताला नुसते प्लास्टर केले तर गंज आत तसाच वाढतो, आणि पुढचा पोपडा आधीपेक्षा जड असतो. तो माणसाच्या डोक्यावर पडू शकतो.

भिंत, न्हाणीघर आणि जोते

समईची वात तेल ओढते तशी वीट जमिनीतली ओल वर ओढते. जोत्यावर पाणीरोधक थर नसेल तर ही ओल कमरेपर्यंत चढते, वाटेतले क्षार बरोबर आणते आणि भिंतीला लोणा लागतो. त्यावर चकचकीत ऑइल पेंट लावला तर ओल अडकते आणि आणखी वर चढते. बाहेरची माती जोत्याच्या वर आली असेल तर खणून खाली करा, घराभोवती बाहेरच्या दिशेने उतरणारी फरसबंदी करा आणि कुंड्यांची ओळ भिंतीपासून दूर न्या. ही तीन कामे झाल्यावर एक मोसम जाऊ द्या. भिंत सुकली की मगच प्लास्टर काढून नवे करा.

पावसाच्या माऱ्याची भिंत छज्जा वाचवतो. छज्ज्याच्या खालच्या बाजूला कडेपासून दोन बोटे आत खाच असली की पाणी तिथेच थेंब होऊन गळते, भिंतीकडे येत नाही. कठड्याच्या माथ्यालाही गच्चीच्या बाजूने उतार हवा. न्हाणीघरात बहुतेक गळती न्हाणी ट्रॅपच्या भोवती आणि पाइप भिंतीत शिरतो तिथे असते. फरशीच्या सांध्यात पांढरे सिमेंट भरून ती थांबत नाही. पाणीरोधक थर फरशीच्या खाली असतो आणि दुरुस्तीही तिथेच करावी लागते.

कठड्याच्या फटीत पिंपळाचे रोप दिसले तर ते नुसते खुडू नका. मूळ आत राहते आणि पुन्हा फुटते. फट उघडून मूळ समूळ काढा आणि मगच ती भरा.

दुरुस्तीचा हंगाम

महाराष्ट्रातून बेंगळुरूला राहायला गेलेली मंडळी मृगाच्या आधी, मे महिन्यात गच्चीचे काम काढतात. तिथे तोवर उशीर झालेला असतो. बेंगळुरूला वर्षाला साधारण ९७० मिलिमीटर पाऊस पडतो; पुण्यापेक्षा जास्त, मुंबईच्या निम्म्याहून कमी. पण तो पसरलेला असतो. मे महिन्यातच शंभर मिलिमीटरहून अधिक पडतो, सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये, आणि परतीचा मान्सून ऑक्टोबरही धुऊन काढतो. जानेवारी-फेब्रुवारी जवळजवळ कोरडे. म्हणून तिथल्या घराची तपासणी ऑक्टोबरच्या पावसात करावी, डागांचे फोटो काढून ठेवावेत आणि काम जानेवारी ते मार्च या काळात उरकावे.

बाहेर ठेवलेले पाणी

जयनगरच्या पाचव्या ब्लॉकात बेंगळुरूच्या जलमंडळाने २०११ मध्ये सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या नावाने पर्जन्यजलसंचयाचे उद्यान उघडले. विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना १९०३ साली त्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे खडकवासल्याला बसले आणि पुढे म्हैसूर संस्थानात त्यांच्या नेतृत्वाखाली कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. ते धरण सिमेंटऐवजी चुना आणि सुरखीच्या मालात बांधले आहे आणि आजही पाणी धरून आहे. माल कोणता यापेक्षा तो किती निगुतीने वापरला हे महत्त्वाचे, याचा याहून मोठा पुरावा शोधायला नको.

उद्यानात छपरावरचे पाणी गोळा करण्याचे, गाळण्याचे आणि जमिनीत मुरवण्याचे नमुने मांडले आहेत. २००९ च्या कायदादुरुस्तीने बेंगळुरूत २,४०० चौरस फूट आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या जुन्या घरांना आणि १,२०० चौरस फुटांपासूनच्या नव्या घरांना ही व्यवस्था सक्तीची झाली. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला ९७,००० लिटर पडते. गळती आणि बाष्पीभवन वजा करून ८०,००० लिटर हाती लागले, तर माणशी रोज १३५ लिटर धरून चौघांच्या कुटुंबाची जवळजवळ पाच महिन्यांची गरज भागते. कर्नाटकातले शास्त्रज्ञ ए. आर. शिवकुमार यांनी विजयनगर भागातले आपले घर जलमंडळाच्या जोडणीशिवाय, पावसाच्या पाण्यावर चालवून दाखवले आहे.

गळके छप्पर आणि कोरडा नळ ही एकाच दुर्लक्षाची दोन फळे आहेत. २०२२ मध्ये बेंगळुरूने १,९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पाहिला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तेच शहर टँकरच्या रांगेत उभे होते. बरोबर उतार, मोकळे पाइप आणि अखंड लेप असलेली गच्ची घर कोरडे ठेवते आणि संपही भरते. दोन गोष्टी तेवढ्या पाळा. पाणी पिण्यासाठी साठवायचे असेल तर गच्चीवर डांबरी थर नको, आणि पाणी मुरवायचा खड्डा पायापासून काही मीटर दूर ठेवा. नाहीतर छपरावरून अडवलेले पाणी तळघरातून घरात येईल.

तंत्र पुढे जात राहील. भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी जिवाणूंकडून चुनखडी तयार करवून विटा घडवण्याचे आणि त्यांचे तडे बुजवण्याचे प्रयोग केले आहेत. ते बाजारात येतील तेव्हा येतील. आज तुमच्या हातात झाडू, पेन्सिल, टॉर्च आणि एक वही आहे. या ऑक्टोबरच्या पावसात गच्चीवर चढा, पाणी कुठे थांबते ते पाहा, तड्यांची टोके खुणेने बांधून तारीख लिहा आणि पन्हाळी मोकळ्या करा. कंत्राटदाराला बोलवाल तेव्हा कोणता डबा वापरणार हे विचारण्याआधी पाणी कुठून येते आणि कुठे जाणार हे विचारा. याचे उत्तर जो देऊ शकत नाही, त्याला काम देऊ नका.